बारा भोकांचा स्टँड

“कोनाला लागनार नाय ना?”

हा प्रश्न मेस्त्री दिवसातून वीसेक वेळा विचारायचे. आम्हाला नाही, लाकडाला. काउंटरची कड तासून झाली की ते डोळे मिटायचे आणि हाताची पालथी बाजू त्या कडेवरून हळूहळू फिरवत न्यायचे. तळहात कधीच नाही. त्याला इतके घट्टे पडलेत की त्याला आता काही कळत नाही, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. पालथ्या हाताला कुठे खरखर लागली की डोळे उघडायचे, पॉलिश पेपर घ्यायचे, आणि पुन्हा तोच प्रश्न.

मी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात काम करते. आम्ही प्रदर्शनांचे स्टॉल बनवतो. दागिन्यांचं प्रदर्शन असो, फर्निचरचं असो, मसाल्यांचं असो. तीन दिवसांसाठी प्लायवुडचं एक छोटं दुकान उभं करायचं आणि चौथ्या दिवशी ते मोडून टेंपोत भरायचं, हा आमचा धंदा. मी ड्रॉइंग काढते. मेस्त्री ते उभं करायचे. नऊ वर्षं आम्ही असे बरोबर होतो.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. त्याच्या कामाची किंमत कुणी मोठ्याने बोलत नाही, पण तो नसला तर दिवस कसा जाईल याची सगळ्यांनाच धास्ती असते. मेस्त्री तसे होते. मूळचे पाचूबंदरचे, ख्रिस्ती कोळी. वडील आणि आजोबा होड्या बांधायचे, हेही तेच शिकले. पुढे फायबरच्या होड्या आल्या, लाकडाला कुणी विचारेना, आणि मेस्त्री आमच्या कारखान्यात आले. पण हात होडीचाच राहिला. तीन दिवसांच्या स्टॉलचा सांधासुद्धा ते असा घट्ट बसवायचे की मोडताना बाकीच्यांना घाम फुटायचा. शेठ वैतागायचे, म्हणायचे, मेस्त्री, हे तीन दिवसांनी मोडायचंय.

“तीन दिवस मानसं येनार ना?” मेस्त्री म्हणायचे. 

माझी ड्रॉइंग ते आधी उलटी धरून बघायचे. सुरुवातीला मला वाटलं, यांना कळत नाही म्हणून उलटी धरलीय. मी नवीन होते, जरा तोऱ्यातच होते. जवळ जाऊन कागद सरळ करून दिला. त्यांनी तो शांतपणे पुन्हा उलटा केला आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे माझी चार इंचांची चूक होती. सरळ धरलं की आपल्याला जे वाटतं तेच दिसतं, उलटं धरलं की जे आहे ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून मी त्यांची ‘बाय’ झाले. आमच्या नायगावच्या टॉवरमध्ये मला सगळे मॅडम म्हणतात. बाय म्हणणारे ते एकटेच.

त्यांची आणखी एक सवय होती. बरोबर चालताना ते नेहमी आपल्या उजव्या बाजूला यायचे. चुकून आपल्या डावीकडे आले तर मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे. आम्ही मुद्दाम जागा बदलून त्यांची गंमत करायचो. ते हसायचे आणि वळसा घालायचे. ही सवय त्यांना आधीपासून नव्हती, शेवटच्या सहा वर्षांत लागली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गेल्या वर्षी आम्हाला एक मोठं काम मिळालं. पोलिसांना आणि सुरक्षा दलांना लागणाऱ्या सामानाचं प्रदर्शन, मुंबईत, सरकारच्या सहकार्याने. प्रवेशद्वारावर मंत्र्यांचे मोठे फोटो, आत देशोदेशीच्या कंपन्या. कॅमेरे, ड्रोन, हेल्मेट, ढाली, लाठ्या, बंदुका. त्यातले सहा स्टॉल आमचे. शेठ इतके खुशीत होते की त्यांनी सगळ्यांना पेढे दिले.

मांडणीच्या पहिल्या दिवशी मेस्त्री त्या हॉलमधून जत्रेत आल्यासारखे फिरले. एका स्टॉलवर बेड्यांच्या आकाराच्या कीचेन वाटत होते, त्यातली एकही त्यांनी घेतली नाही. शेजारच्या स्टॉलवर दंगलविरोधी पोशाख घातलेले चार पुतळे उभे होते, चेहऱ्यावर काच, हातात ढाल. त्यांच्यासमोर उभं राहून मेस्त्री बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले की यांच्या खांद्याची मापं चुकलीत, एवढ्या रुंद खांद्यांचा माणूस आमच्या गल्लीतून सरळ जाऊ शकणार नाही.

एका कंपनीने चेहरे ओळखणारा कॅमेरा लावला होता. समोर उभं राहिलं की पडद्यावर तुमचं वय आणि तुमचा मूड लिहून यायचा. मेस्त्री उभे राहिले. तेव्हा त्यांना साठी गाठायला दोनच वर्षं होती. पडद्यावर आलं, वय एक्केचाळीस, आनंदी. त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी डोळे पुसले. ते दोनदा, तीनदा उभे राहिले. प्रत्येक वेळी आनंदी. बायकोला सांगतो, सरकारी मशीन खोटं बोलत नाही, म्हणाले.

आता स्टँडबद्दल सांगते.

आमच्या सहापैकी एक स्टॉल अश्रुधुराची नळकांडी बनवणाऱ्या कंपनीचा होता. दर्शनी टेबलावर नमुने उभे करून ठेवायला त्यांना लाकडी स्टँड हवा होता. बारा भोकं, प्रत्येक एकोणचाळीस मिलिमीटरचं, कारण नळकांडं अडतीसचं. मी ड्रॉइंग काढली. मेस्त्रींनी विचारलं, कशासाठी, बाय? मी म्हणाले, सॅम्पल ठेवायला. ते खरंच होतं. पण कसलं सॅम्पल, ते मी सांगितलं नाही. का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. एवढंच उत्तर मिळतं की ते शब्द त्यांच्यासमोर उच्चारायला मला बरं वाटलं नाही.

त्यांना वाटलं, पेले ठेवायचे असतील. त्यांनी सागाचा जुना तुकडा शोधून काढला, एका मोडलेल्या होडीचा. बाराही भोकांच्या कडा आतून गोल केल्या. त्याला तेल पाजलं. कारखान्यातले सगळे येऊन बघून गेले. नऊ वर्षांत त्यांनी माझ्यासमोर केलेलं ते सगळ्यात देखणं काम होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी कंपनीचा माणूस आला. चाळिशीतला, बोलायला मऊ, हातात पांढरे मोजे. त्याने खोक्यातून एकेक नळकांडं काढून स्टँडमध्ये ठेवलं. आतून रिकामी, नमुन्याची नळकांडी, ॲल्युमिनियमची, चकचकीत. मेस्त्री बाजूला विजेची वायर लपवत बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि वायर सोडून दिली.

ते उठून आपल्या हत्यारांच्या पेटीकडे गेले. पेटीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ते तसंच एक नळकांडं होतं, पण काळवंडलेलं, एका बाजूने चेपलेलं. त्यांनी स्टँडमधलं पहिलं नमुन्याचं नळकांडं उचलून टेबलावर आडवं ठेवलं आणि त्या भोकात आपलं ठेवून बघितलं. ते बरोबर बसलं.

मी दोन पावलांवर उभी होते. काय चाललंय ते मला कळलं नाही.

कंपनीच्या माणसाला वाटलं, यांना माहिती हवी आहे. तो सवयीने सांगू लागला. गर्दी पांगवायला वापरतात, जीव घेणारं नाही, जगभर याला कमी घातक म्हणतात.

“कमी म्हंजे किती?” मेस्त्रींनी विचारलं.

त्याने हातातले मोजे सारखे केले. मग म्हणाला की ते वापरण्यावर आहे, वरच्या दिशेने, ठराविक अंतरावरून मारायचं असतं, माणसावर नेम धरायचा नसतो.

“ही नळकांडी माज्या बायकोला लागली,” मेस्त्री म्हणाले. “इथं.” आणि त्यांनी स्वतःच्या उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. “ती मासली इकून येत होती. मोर्च्यात पन नवती. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन उबी होती.”

आवाज अजिबात चढला नव्हता. पण कंपनीच्या माणसाचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. मेस्त्रींनी ती घेतली, झाकण उघडलं आणि प्यायचं राहून गेलं.

तेवढ्यात कुणीतरी सुरक्षा रक्षकांना कळवलं होतं. उद्या मंत्री येणार आणि एक सुतार पेटीतून वापरलेलं नळकांडं काढून दाखवतोय, एवढंच त्यांना कळलं असणार. चार जण आले, मेस्त्रींना हॉलच्या मागच्या एका खोलीत घेऊन गेले. मी मागे धावले. दारात असतानाच शेठचा फोन आला. त्यांना बातमी पोचली होती. ते म्हणाले, आपलं नाव यात येता कामा नये, पुढच्या वर्षीचंही काम आपल्यालाच मिळणार आहे.

आत एक अधिकारी बसला होता. त्याने माझ्या गळ्यातला पास बघितला आणि विचारलं, “हा माणूस तुमच्याकडचा का?”

“नाही,” मी म्हणाले. “रोजंदारीवर आणलेला आहे. मला फारशी माहिती नाही.”

मेस्त्री तिथेच होते, प्लास्टिकच्या खुर्चीवर, माझ्यापासून चार हातांवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या पायातल्या बुटांकडे बघितलं.

चार तास त्यांना बसवून ठेवलं. नाव, गाव, ही वस्तू कुठून आणली, कुठल्या संघटनेचे, असं पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्यांना कळलं की हा एक साधा सुतार आहे आणि हे एक रिकामं नळकांडं. मेस्त्रींना सोडलं. नळकांडं जप्त केलं.

मी बाहेर बाकावर बसून होते. काय बोलायचं ते ठरवत होते आणि काहीच ठरत नव्हतं. ते बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले.

“बाय, तू जेवली का?” त्यांनी विचारलं.

मी रडू लागले. ते शेजारी बसले, माझ्या उजव्या बाजूला. मग त्यांनी सांगितलं, इतकं थोडक्यात की जणू दुसऱ्या कुणाचं सांगत आहेत. सहा वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका बांधकामाविरुद्ध कोळ्यांचा मोर्चा निघाला होता, गडबड झाली, धूर सोडला गेला. डोळा वाचला नाही. त्या बाजूने काही आलं तर तिला दिसत नाही, धक्का लागतो, म्हणून बाहेर पडताना ते तिच्या उजवीकडून चालत. पुढे तेच अंगवळणी पडलं.

मला ते दिवस आठवले. त्यांनी दहा दिवस सुट्टी घेतली होती, बायको आजारी आहे एवढंच सांगून. मी ‘लवकर बऱ्या होवोत’ असा मेसेज केला होता आणि आठव्या दिवशी फोन करून, स्टॉलचं काम अडलंय, कधी येताय, असं विचारलं होतं.

ते नळकांडं इतकी वर्षं का जपलं, असं मी विचारलं.

“वाटायचं, चौकशी व्हईल,” ते म्हणाले. “कोनतरी यील, इचारील, काय झालं, कसं झालं. तवा दाखवायला काय तरी पायजे ना. घरात ठेवली तर बायको बगनार. म्हनून पेटीत ठेवली.” मग म्हणाले, “आता कोन आलं तर दाखवायला काय नाय.”

मी म्हणाले, मेस्त्री, मघाशी मी आत जे बोलले ते. त्यांनी हात वर केला, पुढे बोलू नको अशा अर्थाने. रागाने नाही. तुझी नोकरी आहे, म्हणाले. मला वाटतं, त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी हे आज लिहीत बसले नसते.

प्रदर्शन तीन दिवस चाललं. मोडणीच्या दुपारी ते येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले. स्वतःचे सांधे स्वतः खोलले. प्रत्येक स्क्रू मोजून पिशवीत टाकला. कंपनीचा माणूस स्टँडजवळ घुटमळत होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की साहेबांना हा स्टँड फार आवडलाय, आम्ही तो बरोबर नेऊ, पुढच्या सगळ्या प्रदर्शनांत हाच मांडू. त्याला मेस्त्रींशी नजर मिळवता येत नव्हती. पण मेस्त्रींनी ऐकलं होतं. त्यांनी स्टँड उचलला, बाराही भोकांत कागदाचे बोळे घातले, कापडात गुंडाळला, वरून दोरी बांधली आणि त्याच्या हातात दिला. सांभाळून न्या, जुना साग आहे, एवढंच म्हणाले.

मग पेटी उचलून ते गेले. दरवाजापर्यंत मी बघत होते. त्यांच्या डाव्या बाजूला कुणीही नव्हतं, तरी ते वाटेच्या अगदी उजव्या कडेने चालले होते.

त्यानंतर ते कामावर आले नाहीत. पंधरा दिवसांनी त्याच कंपनीचं पत्र आलं, तसेच आणखी दहा स्टँड हवेत म्हणून. शेठ मेस्त्रींना फोन करत राहिले. तो वाजून बंद व्हायचा. शेवटी दुसऱ्या सुताराकडून करून घ्यायचे ठरले. ड्रॉइंग माझ्याच कपाटात होती. मी तिची प्रिंट काढली आणि त्याला नेऊन दिली. हेही मी केलं. मी अजून तिथेच कामाला आहे.

मेस्त्रींकडे जायला मला आठ महिने लागले. दर रविवारी ठरवायचे आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. डिसेंबरात एकदा गेले. वसईला उतरून रिक्षा केली, किल्ल्याच्या पलीकडे पाचूबंदरला. गल्ल्यांतून नाताळचे कंदील टांगले होते. घर विचारत गेले. ज्याला विचारलं त्याने आधी माझ्याकडे नीट बघितलं, मग घर दाखवलं. त्या एकाच दारावर कंदील नव्हता.

मेस्त्रींची बायको ओट्यावर बसून जाळ्यातला कचरा वेचत होती. माझी चाहूल लागताच तिने मान पूर्ण वळवली आणि डाव्या डोळ्याने मला बघितलं. मी कारखान्यातून आले आहे, मेस्त्री आहेत का, असं विचारलं.

ती म्हणाली की त्यांना जाऊन दोन महिने झाले. सकाळी शेजाऱ्यांच्या होडीची फळी बदलत होते, दुपारी घरी आले, छातीत जड वाटतंय म्हणाले आणि आडवे झाले. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा पण झाली. कारखान्यात कळवायचं राहिलं, नंबर त्यांच्या फोनमध्ये होता आणि तो फोन तिला उघडता येत नव्हता.

मी ओट्यावर बसले. तिने आतून पाणी आणलं. काम का सोडलं, ते त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. कंबर दुखते म्हणाले होते. प्रदर्शन, तो स्टँड, ती चार तासांची खोली, मी काय बोलले ते, यातलं एक अक्षर त्या घरात पोचलं नव्हतं. मी माफी मागायला आले होते. ज्यांची मागायची ते नव्हते, आणि जिच्यासमोर बसले होते तिला ते सगळं सांगणं म्हणजे तिच्यावर पुन्हा तोच घाव घालणं होतं.

“तू बाय का?” तिने एकदम विचारलं. “ते सांगायचे, कामावर एक बाय हाय, डोकं लय चालतं तिचं.”

मी हो म्हणाले.

तिने जाळं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, “शेवटचं काम कसलं होतं गं त्यांचं? मला काय बोलले नाय.”

“एक मोठं प्रदर्शन होतं,” मी म्हणाले. “सरकारी.”

“सरकारी?”

“हो. मंत्री आले होते उद्घाटनाला.”

“मंत्र्यानं बगितलं त्यांचं काम?”

बघितलं होतं. मंत्री त्या टेबलाशी थांबले होते, त्यांनी स्टँडमधून एक नळकांडं उचलून हसत हातात धरलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो होता.

“बघितलं,” मी म्हणाले. “बराच वेळ उभे होते. हातही लावला.”

तिचा चेहरा बदलला. तिने हातातलं जाळं खाली ठेवलं, पदर सारखा केला. समोरच्या दारात शेजारीण सुकी मासळी निवडत होती. तिला ऐकायला जरा कमी येत असावं, कारण मेस्त्रींच्या बायकोने तिला दोनदा हाक मारली. तिने मान वर केली तशी ही माझ्याकडे वळली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “आता तिला सांग. जरा मोट्यानं सांग.”

मी मोठ्याने सांगितलं.